हादग्यातली जपानी गाणी

आमचे आबा लष्करात ड्रायव्हर होते. तिथून सुटल्यावर त्यांना साताऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात गाडी चालवायचं काम मिळालं आणि आम्ही गाव सोडून गोडोलीत दोन खोल्यांत राहायला आलो. घरात आई, आबा, मी आणि माझ्याहून पाच वर्षांनी लहान असलेली बहीण. तिला आम्ही सगळे धाकटी म्हणायचो, अजूनही म्हणतो. ती मला आक्का म्हणायची.

नव्वद साल उलटून एक-दोन वर्षं झाली असतील. कारखान्यात जपानहून मोठी यंत्रं आली आणि ती बसवायला एक जपानी साहेब आले. ते वर्ष-सव्वा वर्ष राहणार होते म्हणून बायको आणि मुलगी बरोबर होत्या. सदरबझारमध्ये त्यांना बंगला दिला होता आणि त्यांची गाडी आबांकडे होती. आबांचं इंग्रजी फौजेतलं आणि साहेबांचं त्याहून तोडकं, तरी दोघांचं जमायचं. साहेबांच्या बायकोला आबा मॅडम म्हणायचे, म्हणून आम्हीही मॅडमच म्हणायला लागलो. त्यांची मुलगी सहा वर्षांची होती. धाकटीही सहाचीच. मुलीला खेळायला कुणी नव्हतं. मॅडमनी आबांना विचारलं आणि एका रविवारी आबा आम्हा दोघींना गाडीत घालून बंगल्यावर घेऊन गेले.

मी अकरा वर्षांची, त्यामुळे मला लाज फार. मी सोफ्याच्या कडेला बसून राहिले. धाकटी मात्र आत गेल्या गेल्या त्या मुलीच्या बाहुल्यांत जाऊन बसली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि त्यांना ती लागलीही नाही. ती जपानीत बोलायची, ही मराठीत, आणि दोघींचं चालायचं. त्यानंतर दर रविवारी आणि पुढं पुढं शाळा सुटल्यावरही धाकटी तिथंच असायची.

त्या घरात एक टेप होता. मुलीची आजी जपानमध्ये होती. ती तिकडं टीव्हीवर, रेडिओवर लागणारी लहान मुलांची नवी गाणी टेप करून नातीला पाठवायची. प्रत्येक ऋतूची वेगळी कॅसेट. पाऊस ओसरला, भादवा संपत आला आणि शरदातल्या गाण्यांची कॅसेट आली. वरच्या कागदावर आजीनं रंगीत पेन्सिलींनी तांबडी पिवळी पानं काढली होती.

मला वाटलं होतं अंगाईसारखं काहीतरी संथ असेल. पण ती गाणी अगदी आजची होती. ढबढब ड्रम वाजायचा, मध्येच शिट्टी, मग दहा-पंधरा पोरांचा घोळका एका सुरात ओरडायचा आणि टाळ्या पडायच्या. पायच थांबायचे नाहीत. मॅडम वहीत चित्रं काढून आम्हाला गाण्यांचे अर्थ सांगायच्या. एका गाण्यात काटेरी कवचातलं फळ होतं, ते जवळ येणाऱ्या सगळ्यांना टोचतं आणि मग एकटं पडल्यावर स्वतःच फुटतं. एकात थंड वाऱ्यात गरम रताळी विकणारा माणूस होता. एकात चंद्रावरचा ससा होता. चांदोबात ससा त्यांच्याकडेही आहे हे कळल्यावर धाकटीला इतका आनंद झाला की ती मॅडमच्या मांडीवर जाऊन बसली.

आणि एक गाणं होतं काकीचं. काकी म्हणजे जपानीत एक फळ, टोमॅटोसारखं दिसणारं, नारिंगी. उंच फांदीवर शेवटचं एक राहिलंय आणि खालून पोरं त्याला विनवतायत की आता ये खाली, असं काहीतरी. मॅडमनी फळ काढून दाखवलं तरी धाकटीचं म्हणणं एकच. आमच्या शेजारी एक काकी राहायच्या, जाडजूड आणि प्रेमळ. गाणं त्यांच्यावरच आहे, असं ती सांगत सुटली. रोज सकाळी त्यांच्या दारात जाऊन ती ते गाणं पूर्ण म्हणायची, काकी, काकी करत. काकी हातातलं काम टाकून दारात यायच्या.

"आता आनि काय केलं ह्या काकीनं तुज्या?" असं विचारून तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवायच्या.

धाकटीचा कान विलक्षण होता. एकदा ऐकलं की शब्द अन् सूर तसेच्या तसे. मॅडम एकदा आबांना म्हणाल्या होत्या की स्वयंपाकघरातून ऐकलं तर माझी मुलगी कुठली आणि तुमची कुठली हे मला ओळखू येत नाही. आबांनी ते घरी येऊन आईला सांगितलं, मग काकींना, मग गावी पत्रात लिहिलं.

मग हादगा सुरू झाला. आमच्या गल्लीत सोळा दिवस हादगा व्हायचा. पाटावर हत्ती, भोवती फेर, रोज एकीच्या घरची खिरापत. धाकटीनं जपानी मुलीला हाताला धरून आणलं. मॅडम पण आल्या, आणि येताना बाजारातून रताळी घेऊन आल्या. नवरात्रात मंडईत रताळ्यांचे ढीग बघून त्या हरखल्या होत्या. त्यांच्याकडे ती याच दिवसांत भाजून खातात, असं त्यांनी हातवारे करून आईला समजावलं. आईनं ती चुलीत भाजून दिली. फक्त आपल्याकडं हे दिवस इतके उकाड्याचे कसे, हे त्यांना कळत नव्हतं. पदरानं वारा घेणाऱ्या बायकांत त्या घामाघूम बसायच्या आणि थंडगार वाऱ्याच्या गाण्यावर मान हलवायच्या.

कारण फेरातली नेहमीची गाणी संपली की धाकटी तिची गाणी सुरू करायची. पहिल्या दिवशी पोरी नुसत्या हसल्या. चौथ्या दिवशी सगळ्या म्हणायला लागल्या. आठवड्याभरात गोडोलीतल्या पंचवीस पोरी हत्तीभोवती फिरत जपानी गाणी म्हणत होत्या, शब्दांची पार वाट लावून. एक म्हातारी भिंतीला टेकून बसायची. ती आईला म्हणाली, "गान्याचं काय कळत न्हाई, पर ग्वाड वाटतंय." आमच्या गल्लीत त्यानंतर इतकी माणसं एका वेळी हसलेली मला आठवत नाहीत.

फेब्रुवारीत साहेबांचं काम संपलं. जाताना मॅडमनी शरदाची ती कॅसेट धाकटीला दिली आणि टेपही दिला. मुली रडल्या नाहीत. लहान होत्या, जाणं म्हणजे काय ते त्यांना नीटसं कळलं नसावं. मॅडम मात्र आईच्या खांद्यावर डोकं ठेवून खूप वेळ उभ्या होत्या. पत्र लिहू, नवीन गाणी पाठवू, असं सांगून ते पुण्याच्या रस्त्याला लागले.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये धाकटी आजारी पडली. दुपारी शाळेतून आली ती डोकं धरून. संध्याकाळपर्यंत ताप इतका चढला की ती आम्हाला ओळखेना. साताऱ्यातल्या डॉक्टरांनी मानेला हात लावून बघितला आणि इथं वेळ घालवू नका, मिरजेला न्या म्हणाले. आबांनी कारखान्याची गाडी मागून घेतली. आईच्या मांडीवर तिचं डोकं होतं, मी पायांशी. आबा कधी वेगानं गाडी चालवायचे नाहीत. त्या दिवशी कराड कधी गेलं, इस्लामपूर कधी गेलं, कळलं नाही.

मेंदूच्या आवरणाला सूज आली होती. आठ दिवस ती बेशुद्ध होती. नवव्या दिवशी तिनं डोळे उघडले, आईला ओळखलं, पाणी मागितलं. वॉर्डातल्या अनोळखी बायकांनीही हात जोडले. आबा त्याच दिवशी एसटीनं साताऱ्याला गेले आणि टेप आणि कॅसेट घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी परत आले. त्यांना वाटलं, पोरीला बरं वाटेल.

मी तिथंच होते. आबांनी टेप तिच्या उशीशी ठेवला, सिस्टरला विचारून आवाज बेताचा ठेवला आणि बटण दाबलं. काकीचं गाणं लागलं. शेजारच्या खाटेवरचं पोर मान वळवून बघायला लागलं. धाकटी टेपकडं बघत होती. ती वाट बघत होती. गाण्याचं एक कडवं झालं, दुसरं सुरू झालं.

"लावा की, आबा," ती म्हणाली.

आबांनी आवाज वाढवला. सिस्टरनं लांबून हात केला, पण आबांचं लक्ष नव्हतं. त्यांनी तो शेवटपर्यंत वाढवला. वॉर्डभर ड्रम वाजायला लागले. कॅसेटची चाकं फिरत होती, ती धाकटीला दिसत होती.

"फिरतंय तर खरं," ती म्हणाली. "मग वाजत का न्हाई?"

आबांनी टेप बंद केला. ते खाटेच्या कडेला बसले आणि त्यांनी तिचे दोन्ही पाय हातात धरले. आई माझ्याकडं बघत राहिली, जसं काही मी काहीतरी सांगणार होते.

डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं. जीव वाचला हेच मोठं, पण दोन्ही कानांच्या नसा गेल्या होत्या. आम्ही पुण्याला दाखवलं. खिशात ठेवायचं डबीएवढं मशीन आणि कानात वायर, असंही करून पाहिलं. ती मशीन लावून शहाण्यासारखी बसायची आणि आई समोर पातेलं वाजवायची. धाकटी आईच्या तोंडाकडं बघायची. आईला काय हवंय ते ओळखायची आणि हो म्हणून मान हलवायची. दोन-तीन दिवसांनी आईला ते कळलं. मग आईनं पातेलं वाजवायचं सोडलं.

पण धाकटी गायची. हे मला सगळ्यात अवघड वाटतं सांगायला. ती टेप लावायची, चाकं फिरायला लागली की त्यावर हाताचा तळवा ठेवायची आणि गायची. पहिले काही आठवडे सूर अगदी बरोबर होते. तिच्या आत ते होते. मग हळूहळू ते सुटायला लागले. मे गेला, पाऊस आला, आणि दर आठवड्याला गाणं थोडं थोडं बिघडत गेलं. कडवं वर जायच्या जागी खाली जायला लागलं. आवाज मोठा आणि घोगरा झाला. शब्द आधीच आम्हाला कळत नव्हते, आता ते जपानीही राहिले नाहीत. टेपवर गाणं संपायचं आणि हिचं चालूच असायचं. तिला मात्र काही बदललंय हे माहीत नव्हतं. ती पूर्वीसारखीच मजेत मान हलवत गायची. सकाळी काकींच्या दारात जायची. काकी गुळाचा खडा द्यायच्या आणि आत जाऊन तोंडावर पदर घ्यायच्या.

आम्ही कुणीच तिला काही सांगितलं नाही. शेवटी मीच सांगितलं, आणि ते असं.

पुन्हा हादगा आला. मी तोवर बारा पूर्ण केली होती, सातवीत होते. वर्गातल्या दोन मैत्रिणी, डॉक्टरांच्या आणि वकिलांच्या मुली, पहिल्यांदाच आमच्या गल्लीत हादग्याला आल्या होत्या. मी त्यांना जपानी गाण्यांची बढाई मारली होती. फेर संपत आला आणि धाकटीनं मध्येच, सगळ्यांच्या वर, ओरडल्यासारखं गाणं सुरू केलं. गल्लीतल्या पोरींना सवय होती. त्या गप्प राहून फिरत राहिल्या. त्या दोघी मात्र एकमेकींकडं बघून हसू दाबायला लागल्या. एकीला ते दाबता येईना. ती खाली बसून हसायला लागली.

मी फेर सोडला, धाकटीकडं गेले आणि तिच्या तोंडावर हात ठेवला. जोरात. तिचे दात माझ्या तळव्याला लागले. तिला वाटलं मी खेळतेय, तिनं हात काढायला बघितलं. मग तिनं माझं तोंड बघितलं. मी म्हणाले, "गप. घाण गातीस तू." ओठ नीट हलवून म्हणाले, कारण तिला कळावं अशी माझी इच्छा होती.

तिला कळलं. तिनं फेरातल्या सगळ्यांकडं एकदा बघितलं, एकेकीकडं. खाली बसून हसणाऱ्या मुलीकडं बघितलं. आणि घरात निघून गेली. त्या दिवशीची खिरापत आमच्याच घरची होती. आईनं ती तशीच वाटली.

धाकटी त्यानंतर गायली नाही. टेपला हात लावला नाही. बोलणंही कमी करत करत तिनं हाताच्या खुणांवर आणलं. आई दोन दिवस माझ्याशी एक शब्द बोलली नाही. आबांना कुणी सांगितलं की नाही, मला माहीत नाही. त्यांनी मला कधी विचारलं नाही.

आणि बरोबर त्याच आठवड्यात जपानहून पार्सल आलं. आत नवी कॅसेट होती, मॅडमचं इंग्रजी पत्र होतं, एकेक अक्षर सुटं काढलेलं, आणि मुलीनं काढलेलं चित्र. चित्रात दोन मुली हात धरून होत्या, एकीच्या दोन वेण्यांना तांबड्या रिबिनी. पत्रात लिहिलं होतं की या शरदातली सगळ्यात छान गाणी निवडून पाठवली आहेत, तुझा आवाज आम्हाला रोज आठवतो.

धाकटी शाळेत होती. आबांनी पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. आई म्हणाली, "तिला दावू नगा. परवाच कुठं रडायची थांबलीया." आबांनी माझ्याकडं बघितलं. मी लगेच हो म्हणाले. ते पार्सल तिच्या हातात पडलं असतं तर मला तिच्या तोंडाकडं बघावं लागलं असतं. आबांनी पार्सल त्यांच्या फौजेतल्या पेटीत, गणवेशाखाली ठेवलं.

उत्तर तर द्यायलाच हवं होतं. आबांनी मराठीत सांगितलं आणि मी डिक्शनरी घेऊन इंग्रजीत लिहिलं. गाणी मिळाली. तिला फार आवडली. ती रोज म्हणते. हे वाक्य लिहून झाल्यावर आबा म्हणाले, "एवढ्या लांबनं त्यास्नी कशाला दुख द्यायचं?" मला ते पटलं. खाली मी धाकटीचं नाव लिहिलं, लहान मुलाच्या अक्षरात, डाव्या हातानं.

पुढच्या जूनमध्ये धाकटीला सांगलीला मूकबधिर मुलांच्या शाळेत घातलं. तिथंच राहायची सोय होती. सोडायला आम्ही सगळे गेलो. आईनं ट्रंकेवर तिचं नाव रंगवून घेतलं होतं. ती रडेल म्हणून आबांनी मन घट्ट केलं होतं, पण ती रडली नाही. आवारात मुलं हातांनी भरभर बोलत होती आणि ती त्यांच्याकडं टक लावून बघत होती. आम्ही निघालो तेव्हा आईला तिला हलवून सांगावं लागलं की आम्ही जातोय.

त्या शरदात पुन्हा पार्सल आलं. पुन्हा मी लिहिलं, गाणी फार आवडली. तिसऱ्या वर्षी आलेल्या पार्सलात दोन कॅसेट होत्या, एक गाण्यांची आणि एक कोरी. मॅडमनी लिहिलं होतं की मुलगी आता जिथं तिथं तुझी गोष्ट सांगते, कुणाचा विश्वास बसत नाही. या कॅसेटवर तू गाऊन पाठव, एकच गाणं गायलीस तरी चालेल.

आबांनी ती कोरी कॅसेट हातात उलटसुलट करून बघितली. मग मला म्हणाले, "ऱ्हाऊ दे आता." आम्ही उत्तर लिहिलं नाही. पुढच्या शरदात पार्सल आलं नाही, आणि त्यानंतर कधीच नाही.

धाकटी सुट्टीला घरी यायची. उंच झाली होती, चित्रं सुंदर काढायची, मराठी लिहायला छान शिकली होती. आमच्याशी बोलायला तिच्याकडं एक वही असायची. शाळेत तिला ओठ वाचायला आणि बोलायला शिकवत होते, पण आमच्यासमोर तिनं आवाज काढला नाही. पाहुणी आल्यासारखी यायची आणि चार दिवस झाले की सांगलीला जायची घाई करायची.

ती चौदा वर्षांची असताना दिवाळीची साफसफाई चालली होती. आबांच्या पेटीतल्या कपड्यांना ऊन द्यायला तिनं सगळं बाहेर काढलं. मी पाणी भरून आले तर ती अंगणात बसली होती आणि पुढ्यात तिन्ही पार्सलं उघडी. तिन्ही चित्रं तिनं फरशीवर ओळीनं मांडली होती. तिन्हींत त्याच दोन मुली होत्या, दर वर्षी जरा मोठ्या झालेल्या.

तिनं पत्रं माझ्या हातात दिली आणि वही पुढं केली. मी एकेक पत्र मराठीत लिहून देत गेले. ती माझ्या खांद्यावरून वाचत होती. कोऱ्या कॅसेटचं पत्र लिहून झाल्यावर तिनं खाली लिहून विचारलं, आपण काय उत्तर दिलं? मी तेही लिहिलं. खोटं लिहायचं मनात आलं होतं, पण आई दारात उभी होती, धाकटी एकेक अक्षर बघत होती आणि मला ते जमलं नाही.

धाकटीनं वही घेतली. अक्षर नेहमीसारखं रेखीव होतं. तिनं लिहिलं, "मला ऐकू येत नव्हतं. चित्र दिसत होतं."

मग खाली आणखी एक ओळ लिहिली. "मी पण चित्र पाठवलं असतं."

आईला वाचता येत नव्हतं. तिनं मला विचारलं, काय म्हणतीय? मी वाचून दाखवलं. आई उंबऱ्यावर खाली बसली. आबा कामावरून आले तेव्हा त्यांनाही वाचून दाखवलं. ते धाकटीसमोर जाऊन उभे राहिले, काहीतरी बोलले, पण त्यांची मान खाली होती आणि तिला ओठ दिसले नाहीत. तिनं त्यांची हनुवटी धरून वर केली.

त्या सुट्टीत धाकटीनं एक मोठं चित्र काढलं. तिनं काय काढलं ते मला दाखवलं नाही. पाकिटावरचा पत्ताही मला लिहू दिला नाही, स्वतः एकेक अक्षर बघून उतरवला. सांगलीला गेल्यावर तिथल्या पोस्टातून ते पाठवलं. अडीच महिन्यांनी पाकीट परत आलं, न उघडलेलं, वर जपानीतला एक शिक्का. ते लोक त्या पत्त्यावर राहत नव्हते. आबा कारखान्यात जाऊन चौकशी करून आले. जपानी कंपनीचं काम केव्हाच संपलं होतं, साहेबांनी नोकरी बदलली होती, नवा पत्ता कुणाकडं नव्हता. आबांनी तीन-चार वेळा खेटे घातले. मग ऑफिसातले लोक त्यांना बघितलं की आधीच मान हलवायला लागले.

पुढच्या वर्षी मी तिला भेटायला एकटी सांगलीला गेले. मी तेव्हा वीस वर्षांची होते, लग्न ठरलं होतं. शाळेच्या आवारात लिंबाखाली बाक होता, तिथं आम्ही बसलो. मी घरूनच लिहून नेलं होतं. हादग्यातलं लिहिलं होतं, तोंडावर ठेवलेल्या हाताचं, पत्रांचं, डाव्या हातानं लिहिलेल्या तिच्या नावाचं. शेवटी लिहिलं होतं की मी तेव्हा बारा वर्षांची होते, मला कळलं नाही, माफ कर.

तिनं ते सावकाश वाचलं. घडी घातली, परत उलगडलं, पुन्हा वाचलं. मग माझ्या हातातलं पेन घेऊन त्याच कागदाच्या खाली लिहिलं, "हो. तू बाराची होतीस. मग तू अठराची पण झालीस की, आक्का."

अठराव्या वर्षी मला सगळं कळत होतं, आणि पेटी आमच्याच खोलीत होती.

मी रडायला लागले. तिनं मला रडू दिलं, मग माझ्या पाठीवरून हात फिरवला, लहान मुलाला फिरवावा तसा. तेवढ्यात तिच्या मैत्रिणी आल्या. तिनं हातांनी त्यांना माझी ओळख करून दिली. काय सांगितलं ते मला समजलं नाही. त्या सगळ्या माझ्याकडं बघून छान हसल्या आणि आपसात बोलायला लागल्या. दहा-बारा हात एकदम चालले होते. धाकटी मध्येच तोंड उघडून हसत होती, मोकळी, आणि मी बाकावर बसून एका हातावरून दुसऱ्या हातावर नजर फिरवत होते, एखादी खूण तरी लागते का बघत.

साताऱ्याची गाडी चारची होती. मी खुणेनं निघते म्हणून सांगितलं. ती फाटकापर्यंत आली, माझी पिशवी माझ्या खांद्याला नीट अडकवली, आणि मैत्रिणी थांबल्या होत्या म्हणून परत फिरली.